थांबायला ना नाही, पण नंबर तर सांगा! नागपूरच्या शोरूमवाल्यांना खुले पत्र

प्रति,
मोटारगाड्यांच्या शोरूमचे मालक, जनरल मॅनेजर आणि सेल्स मॅनेजर,
वर्धा रोड, अमरावती रोड, कामठी रोड व इतरत्र, नागपूर.

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पेपर हातात घेतला तर पहिलं अख्खं पान पाडव्याच्या जाहिरातीचं. या गुढीपाडव्याला नवी गाडी दारात आणा, निवडक मॉडेल्सवर तत्काळ डिलिव्हरी, आजच बुक करा. खाली जिचा फोटो छापला होता ती गाडी मी दसऱ्याच्या आधी बुक केली आहे, त्याच शोरूममध्ये, पैसे भरून. माझी अजून आलेली नाही आणि कधी येईल हे सांगायला कुणी फोन उचलत नाही. आधीच्यांच्या गाड्या बाकी असताना नव्यांना 'तत्काळ' कुठून देणार, हे विचारायला मी त्या दिवशी फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. तेव्हा आता चारचौघांत विचारतो.

शोरूमचं नाव इथे लिहिणार नाही. एक तर माझं भांडण एका दुकानाशी नाही. मनीषनगरातले आमचे शेजारी दुसऱ्याच कंपनीच्या गाडीसाठी थांबले आहेत, भाचा तिसऱ्याच. तिघांच्या पावत्या एका टेबलावर ठेवल्या तर वरचा लोगो सोडून बाकी सगळं सारखं. दुसरं असं की नाव घेतलं की बाकीचे सगळे सुटल्यासारखे होतात. तसं व्हायला नको.

माझ्याबद्दल थोडं. मी वीज कंपनीतून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं ग्राहकांच्या खिडकीवर गेली, म्हणजे काचेच्या त्या बाजूला, जिथे आज तुम्ही बसता. मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि भर दुपारी डीपी जळाली की खिडकीवर काय गर्दी होते, ते नागपूरकराला सांगायला नको. त्या खिडकीवर एक गोष्ट पाहिली. 'ट्रान्सफॉर्मर यायचा आहे, रात्री अकराच्या आधी काही लाइन येत नाही' असं सरळ सांगितलं की माणूस दोन शिव्या देऊन घरी जायचा आणि गच्चीवर गादी टाकायचा. 'येऊन राहिली, येऊन राहिली' म्हणत बसलं की तोच माणूस रात्री नऊला काच फोडायच्या बेतात असायचा. माझी सगळी तक्रार एवढीच आहे. गाडी उशिरा मिळते ही नाही.

उशीर का होतो ते आम्हाला कळतं. १५ ऑगस्ट २०२५ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं सांगितलं आणि गाडी घ्यायला निघालेले सगळे जागच्या जागी थांबले. तुमची यार्डं भरलेली होती, त्या मालावर तुम्ही व्याज भरत होता, तेही माहीत आहे. मग ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेनं निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्याच दिवशी, चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवरचा कर २८ टक्के अधिक १ टक्का उपकर होता तो १८ टक्क्यांवर आला. वर दसरा २ ऑक्टोबरला. सगळं नागपूर एकाच आठवड्यात शोरूममध्ये शिरलं तर कारखाना तरी काय करणार? २०२१-२२ मध्ये चिप मिळत नव्हत्या तेव्हाही लोक थांबले. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात लाखभर बुकिंग झाली, ते आपण सगळ्यांनी वाचलं. मागणी जास्त असणं हा तुमचा गुन्हा नाही.

पण मागणी जास्त झाली की तुमच्याकडे काय काय सुरू होतं, ते लिहितो.

सुरुवात फोनपासून. बुकिंगच्या आधी तुमचा सेल्समन जेवायच्या वेळी फोन करायचा. टेस्ट ड्राइव्हला गाडी घरी आणली, आईला मागच्या सीटवर बसवून मानेवाडा चौकापर्यंत फिरवून आणलं. आई खूश. मी चेक दिला. 'फिकर नका करू काकाजी, दसऱ्याले नाही तर दिवाळीले पक्की.' त्यानंतर त्याचा फोन आला तो एकदाच, विमा कुठून घेणार हे विचारायला. दिवाळीनंतर तो नोकरी सोडून गेला, हे मला शोरूमच्या वॉचमनकडून कळलं. त्याच्या जागी आलेल्या मुलाला माझं बुकिंग कॉम्प्युटरमध्ये सापडेना. सापडल्यावर तोही शांत झाला. माझ्या निरोपांवर निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. त्याच्या स्टेटसला मात्र रोज एक नवी डिलिव्हरी असते. बॉनेटवर झेंडूचा हार, लाल रिबन, पेढ्यांचा बॉक्स आणि नवरा-बायकोच्या हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली. दुसऱ्यांच्या गाड्यांचे इतके फोटो मी आयुष्यात पाहिले नव्हते.

या पोरांवर माझा राग नाही. बावीस-तेवीस वर्षांची मुलं आहेत, उन्हातान्हात टाय लावून उभी असतात आणि त्यांना पगार थोडा, बाकी इन्सेंटिव्ह. इन्सेंटिव्ह बुकिंगवर असेल तर बुकिंग झालेल्या माणसाशी बोलण्यात त्या मुलाचा वेळच जातो. ही व्यवस्था त्यानं केलेली नाही, तुम्ही केली आहे. ग्राहकाला द्यायला त्याच्याजवळ उत्तरच नसेल तर तो फोन कशाला उचलेल? म्हणून पत्रावर नाव तुमचं आहे, त्याचं नाही.

आता पावती. माझी पावती समोर घेऊन बसलो आहे. नाव, पत्ता, पॅन, मॉडेल, रंग, भरलेली रक्कम, सगळं नीट टाइप केलेलं. 'अपेक्षित डिलिव्हरी' या शब्दांपुढे टिंबटिंबांची एक ओळ आहे आणि तिच्यावर काहीही लिहिलेलं नाही. खाली जांभळ्या शाईचा तिरका शिक्का: किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागू. शेजाऱ्यांच्या पावतीवरही टिंबं रिकामी, भाच्याच्याही. तीन वेगळ्या शोरूममधले तीन वेगळे मुलगे तीच एक ओळ भरायला विसरतात, असं मानायला मी तयार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ वाचला तेव्हा त्या ओळीचा उलगडा झाला. हा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्याच्या कलम २(४१) मध्ये 'रिस्ट्रिक्टिव्ह ट्रेड प्रॅक्टिस' म्हणजे काय ते दिलं आहे. सोप्या मराठीत, ग्राहकाची कोंडी करणारा धंदा. त्यात दोन गोष्टी नाव घेऊन सांगितल्या आहेत. ठरलेल्या मुदतीपेक्षा माल उशिरा देणं, ज्यामुळे किंमत वाढली किंवा वाढू शकते, ही एक. आणि एक वस्तू हवी असेल तर दुसरी घ्यावीच लागेल अशी अट घालणं, ही दुसरी. आता पहिल्यातली मेख पाहा. 'ठरलेली मुदत'! तारीखच लिहिली नाही तर मुदत ठरलीच नाही, आणि मुदत ठरली नाही तर उशीर कुठून झाला? ती टिंबं मोकळी आहेत ती तुमच्या सोयीसाठी. वकिलाची फी वसूल व्हावी इतकी हुशारी त्या एका रिकाम्या ओळीत आहे.

दुसऱ्या गोष्टीचा अनुभव टेकडी गणपतीला आला. चतुर्थीला गेलो होतो. तिथे नव्या गाड्यांची पूजा चालते हे तुम्हाला माहीतच आहे, तुमचीच गिऱ्हाइकं असतात. माझ्यावाली गाडी उभी होती, रंगही तोच. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. मालक तरुण होता, कामठी रोडकडचा. गप्पा निघाल्या. शोरूम माझंच, बुकिंग दिवाळीनंतरचं. मी म्हटलं, दादा, मी दसऱ्याच्या आधीचा, तुमची कशी आली? तो हसला. 'पॅकेज घेतलं न काकाजी. विमा तिथला, लोन तिथलं, ॲक्सेसरीज तिथल्या. त्याच्याशिवाय गाडी भेटते का?' त्याला मी काही म्हणालो नाही. गाडी नवी, पूजा चालू, बायको कडेवर पोर घेऊन उभी. त्याचं काय चुकलं?

म्हणजे रांग आहे, पण ती विकत मिळते. आणि विकत मिळणारी रांग कुणाला दाखवता येत नाही, म्हणून नंबर सांगत नाहीत, म्हणून फोन उचलत नाहीत. मला आधी वाटायचं हा गलथानपणा आहे. आता तसं वाटत नाही. गलथान माणूस निदान कधीतरी चुकून खरं बोलतो.

विम्याचं सांगतो, कारण त्यात पैसा मोठा आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा सक्तीचा आहे. तो घ्यायचाच. पण कोणत्या कंपनीकडून आणि कुणामार्फत घ्यायचा, हे ग्राहक ठरवतो. शोरूममधूनच घ्या अशी सक्ती विमा नियामकाच्या नियमात बसत नाही. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, भाग तर वर्षभराचा घेतला तरी चालतो. मला दिलेल्या कोटेशनमध्ये नो क्लेम बोनसचा रकाना शून्य होता. जुन्या गाडीवर मी पाच वर्षांहून जास्त काळ एकही क्लेम केलेला नाही. म्हणजे ओन डॅमेजच्या हप्त्यात ५० टक्के सूट माझी आहे. ती गाडीची नसते, मालकाची असते आणि नव्या गाडीला लावून घेता येते. हे तुमच्या विमा डेस्कवर रोज बसणाऱ्या माणसाला माहीत नसेल? मी बाहेरून कोटेशन आणतो म्हटल्यावर तो एवढंच म्हणाला, 'मग डिलिव्हरीचं आम्ही काही सांगू शकत नाही, सर.' काकाजीचा सर झाला तेव्हाच ओळखलं.

ॲक्सेसरीजबद्दल कमी बोलतो. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर आणि तो कसला तरी लेप, या सगळ्याला 'बेसिक किट' म्हणतात आणि ते न घेणाऱ्याची गाडी कारखान्यातून निघतच नाही. सीताबर्डीत तीच मॅट कितीला मिळते ते नागपुरातलं पोरगंसुद्धा सांगेल. नव्या गाडीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून गाडीसोबतच यायची आहे, तरी काही कोटेशनमध्ये तिची वेगळी ओळ दिसते. सरकारनं जीएसटीत जे सोडलं ते अशा बारक्या बारक्या ओळींनी परत गोळा होतं.

'वरूनच माल येऊन नाही राहिला न काकाजी, आम्ही काय करू?' हे उत्तर तर पाठ झालं आहे. पण गाडी आता लपत नाही. केंद्र सरकारच्या वाहन पोर्टलचा डॅशबोर्ड कुणालाही उघडून पाहता येतो. एमएच ३१, एमएच ४९ आणि ग्रामीणचं एमएच ४०, तिन्ही कार्यालयांत कोणत्या कंपनीच्या किती गाड्या कोणत्या महिन्यात नोंदल्या गेल्या, ते तिथे दिसतं. माझ्या कंपनीच्या गाड्या दर महिन्याला नोंदल्या जात आहेत. माल येतो आहे. तो कुणाला जातो, हे विचारायचं आहे.

तुमच्या एका मॅनेजरनं मला ऐकवलं की पूर्वी चेतकसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे. थांबायचे, आमचे वडीलही थांबले. पण नंबर लागलेला असायचा, तो कुठवर सरकला ते विचारायची सोय होती, आणि नंबर आल्यावर स्कूटरबरोबर विमा इथूनच घ्या असं कुणी म्हणायचं नाही.

थांबण्यात आमचं काय जातं? जानेवारीत कंपन्यांनी किमती वाढवल्या की वाढीव रक्कम आमची, कारण जांभळा शिक्का. बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत संपते, पुन्हा कागद. जुन्या गाडीचा विमा मधेच संपला तर गाडी विकायची असूनही हप्ता भरा. एक्स्चेंजला तुमच्या माणसानं सांगितलेली किंमत दर महिन्याला खाली येते. माझी गाडी २०११ ची आहे. तिच्या आरसीची १५ वर्षं यंदा भरतात. त्याच्या आत नवी आली नाही तर फिटनेस, नूतनीकरणाचं ५,००० रुपये शुल्क आणि वर पर्यावरण कर, अशा गाडीवर जी मी विकायला काढली आहे. काटोलजवळ आमची थोडी शेती आहे आणि आईला महिन्यातून दोनदा तरी दवाखान्यात न्यावं लागतं. तिला ऑटोत चढता येत नाही. नव्या गाडीची हौस म्हणाल तर तीही आहे, नाही कशाला म्हणू.

बुकिंग रद्द करा, पैसे परत घ्या, हा सल्ला मिळतो. शेजाऱ्यांनी तो ऐकून पाहिला. पैसे 'प्रोसेसमध्ये' आहेत.

तर मागण्या अशा.

१. बुकिंगच्या पावतीवर प्रतीक्षायादीचा क्रमांक आणि डिलिव्हरीची अपेक्षित तारीख लिहा. नक्की तारीख देता येत नसेल तर 'अमुक महिना ते अमुक महिना' लिहा. टिंबं रिकामी ठेवू नका.

२. मॉडेल, व्हेरियंट आणि रंगानुसार प्रतीक्षायादी शोरूममध्ये लावा. नावं नकोत, बुकिंग क्रमांक आणि तारीख पुरे. दर सोमवारी बदला. कुणाला क्रम सोडून गाडी द्यावी लागली तर कारण लिहा. रद्द झालेलं बुकिंग, वेगळा रंग, अशी खरी कारणं असतात, ती आम्ही मान्य करू.

३. विमा, कर्ज, ॲक्सेसरीज, वाढीव वॉरंटी बाहेरून घेतल्यानं किंवा न घेतल्यानं डिलिव्हरीच्या क्रमात फरक पडणार नाही, असं लेखी द्या. कोटेशनवर ऐच्छिक ओळी वेगळ्या छापा आणि नो क्लेम बोनसचा रकाना ग्राहकाला विचारून भरा.

४. तुम्ही लिहून दिलेली तारीख उलटल्यावर किंमत वाढली तर ती वाढ ग्राहकावर टाकू नका. तारखेच्या आत वाढली तर आम्ही देऊ.

५. बुकिंग रद्द केल्यास पैसे किती दिवसांत मिळतील आणि किती कापले जातील, ते पावतीच्या पुढच्या बाजूला, मराठीत, डोळ्यांना दिसेल अशा अक्षरात.

६. सेल्समन नोकरी सोडून गेला तर त्याच्या ग्राहकांना नव्या माणसाचं नाव आणि नंबर तुम्ही कळवा. पंधरा दिवसांतून एक निरोप पाठवा, 'अजून आली नाही' एवढा असला तरी चालेल. त्यासाठी वेगळा माणूस लागेल तर ठेवा. पहिलं अख्खं पान जाहिरात देणाऱ्याला तेवढा परवडतो.

७. जुन्या बुकिंगच्या गाड्या बाकी असताना त्याच मॉडेलवर 'तत्काळ डिलिव्हरी' छापू नका.

यातली एकही गोष्ट कारखान्यावर किंवा दिल्लीवर अवलंबून नाही. सगळ्या तुमच्याच टेबलावर होण्यासारख्या आहेत.

काही शोरूममध्ये हे नीट चालत असेल. असेल तर त्यांनी पुढे येऊन सांगावं की आमच्याकडे यादी लावलेली आहे, या आणि पाहा. मी स्वतः येऊन पाहीन आणि चार लोकांना सांगेन. आमच्या शहराचे खासदार देशाचे रस्ते वाहतूक मंत्री आहेत. त्यांच्या गावात गाडीच्या रांगेचा नंबर विचारायला खुलं पत्र लिहावं लागतं, हे त्यांच्याही कानावर गेलं तर बरं.

मार्च अखेरपर्यंत माझ्या शोरूमकडून क्रमांक आणि तारीख लेखी आली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. त्यातून काही निघालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होते आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. शेजारी आणि भाचा त्यांच्या त्यांच्या शोरूमविरुद्ध तेच करणार आहेत. माझ्या तक्रारीचा मसुदा लिहून झाला आहे, पावतीची झेरॉक्स तेवढी जोडायची आहे.

आपला,
प्रतीक्षायादीतला एक ग्राहक (क्रमांक माहीत नाही)
मनीषनगर, नागपूर

प्रत माहितीसाठी:
संबंधित मोटार कंपन्यांची विभागीय विक्री कार्यालये
प्रादेशिक परिवहन अधिकारी, नागपूर